आधी अक्षर, मग बंब

रविवार, १३ एप्रिल

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, वेळेवर जेवत नसशील, आणि हे वाचताना "जेवते गं ताई" असं पुटपुटत असशील. आम्ही दोघं ठीक आहोत. यांची उजवी बाजू अजून रुसलेलीच आहे, पण काल डाव्या हातानं शर्टाची तीन बटणं लावली. चौथं मी लावलं, त्यावरून दुपारपर्यंत अबोला. ज्याला बोलताच येत नाही त्याचा अबोला कसा ओळखायचा म्हणशील, तर मान कुठे वळते त्यावरून.

नेहमीसारखं हातानं लिहून, फोटो काढून पाठवते आहे. तू होस्टेलवर गेलीस तेव्हापासून आपलं रविवारचं पत्र चुकलेलं नाही.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आता आठवड्यातून दोनदा येतात. त्या म्हणतात, पक्षाघातानं यांचे शब्द गेलेले नाहीत, शब्दांकडे जायची वाट बुजली आहे. रोज थोडं थोडं चालून ती पुन्हा पाडायची. त्यासाठी त्यांनी फोनवरचा शब्द जुळवायचा खेळ सुचवला, रोज पंधरा मिनिटं. पण एक अट घातली. मध्ये कुणी बोलायचं नाही, दाराची घंटी वाजली तरी उठायचं नाही. यांचा शब्द अर्ध्यावर तुटला की सगळं पहिल्यापासून.

मग काय, मी खेळ निवडायला बसले. तुला फोन करण्याआधी चार पाहिले. पहिल्यात दर दोन शब्दांनंतर एक बाई केस गळण्यावरचं औषध घेऊन यायची. ती घालवायला मोहरीएवढी फुली, आणि तीही दहा सेकंदांनी उगवणारी. दुसऱ्यात खाली एक पट्टी सारखी नाचत होती. यांचा हात थरथरतो, त्या पट्टीवर बोट पडलं आणि आम्ही एकदम पोहण्याच्या तलावांच्या दुकानात. तिसरा म्हणे जाहिरातमुक्त, पण अडल्यावर मदत हवी असेल तर "फक्त एक छोटीशी जाहिरात पाहा". चौथ्याचं नावच काढू नकोस. बत्तीस वर्षं शाळेत पोरींना मैदानात पळवलं, पण या फुल्यांच्या मागे पळताना माझ्या नाकी नऊ आले.

तेव्हा तू म्हणालीस, "ताई, आमचा घे. यात जाहिरात नाही आणि मी इथे असेपर्यंत येणार नाही. माझा शब्द." मी आधी स्वतः तासभर खेळले. पांढरी चकती, काळी अक्षरं, बोट एका अक्षरावरून दुसऱ्यावर न्यायचं, शब्द झाला की तो वर जाऊन बसतो. आवाज नाही, टाळ्या नाहीत. बारके, इतका शहाणा खेळ तुम्ही लोक करता हे मला ठाऊक नव्हतं. यांची एक तक्रार आहे. तुमचा 'झ' यांना पसंत नाही. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, 'झ' आला की बोट ठेवून माझ्याकडे असं बघतात जणू मीच काढलाय.

आणि घरचे शब्द त्यात घालायची सोय आहे, ती तू दाखवलीस हे फार बरं झालं. ब्रश, शिडी, खडू, टर्पेंटाइन, तुझं नाव, सगळं घातलं. शेवटी एक शब्द घातला तो सांगत नाही. म्हातारपणी लाजायला लावू नकोस.

तू फोनवर म्हणालीस, "ते कुठे अडतात, किती वेळ थांबतात, हे लिहून पाठवशील? मग मला त्यांच्यासाठी खेळ नीट करता येईल." पाठवते की. तू पहिल्या नोकरीला लागल्यावर मला आणलेलं ते स्टॉपवॉच अजून चालतं. ते गळ्यात घालून मी यांच्या खुर्चीमागे उभी राहते. सोबत वहीच्या दोन पानांचा फोटो आहे. पहिल्या अक्षराशी फारसे थांबत नाहीत. मधल्याशी पाच-सहा सेकंद. शेवटच्या अक्षराशी मात्र चांगले अठरा-वीस, एकदा तर सव्वीस. बोट हवेत, ओठ हलताहेत, कपाळावर आठी. एकच अक्षर उरलं की हे फोन सोडत नाहीत बघ. घराला आग लागली तरी आधी अक्षर, मग बंब.

यांना सांगितलं की मोजमाप बारकीकडे जातंय. तर ताठ बसायला लागलेत.

प्रकृतीला जप.

तुझी ताई


रविवार, ८ जून

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. गेल्या रविवारी माझं पत्र त्रोटक होतं, त्याआधीच्याला तुझं उत्तर नव्हतं, तेव्हा आपली फिटंफाट. कामात असशील. तुमच्या खेळाची नवी आवृत्ती आली ती गडबड असेल.

त्याबद्दलच लिहायचं आहे. रागावून लिहीत नाही, हे आधी सांगते.

मंगळवारी सकाळी नेहमीसारखे हे खिडकीशी बसले. मी मागे, घड्याळ गळ्यात. दोन शब्द पटापट झाले. मग चकतीवर अशी अक्षरं आली की मला लांबूनच कळलं, आज तो शब्द आहे. मी शेवटी घातलेला. दोन महिन्यांत तो चार वेळा आला होता आणि चारही वेळा यांनी सोडून दिला होता. या वेळी बोट नेमकं पहिल्या अक्षरावर गेलं. उरलेल्या अक्षराच्या दिशेनं बोट सरकलं आणि हवेत थांबलं. ओठ हलायला लागले. खरंच, त्यांना येत होता गं. बाई म्हणतात तसं, वाट दिसत होती.

आणि सगळा पडदा गुलाबी झाला. ढोल वाजला, एक पुरुष ओरडायला लागला, नाण्यांचा पाऊस सुरू झाला. यांचा अख्खा पंजा फोनवर आपटला. फुली दिसली तिथे यांनी बोट नेलं तर ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि भलतंच दुकान उघडलं. मी धावून फोन घेतला, मागे गेले, तोवर चकतीवर नवी अक्षरं. यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर तुला सांगता येणार नाही. मी ढोल वाजवलाय असं त्यांना वाटलं. मग फोन पालथा घातला आणि बोटानं टेबलाच्या कडेपर्यंत ढकलला.

त्यानंतर दोन दिवस हातात घेतला नाही.

गुरुवारी काय झालं ऐक. शेजारच्या वकीलबाई दार वाजवून आत आल्या, "काय म्हणता?" असं नेहमीसारखं विचारलं, आणि हे बोलले. सात महिन्यांनी. पूर्ण वाक्य, खणखणीत, चालीसकट. "थांबा, थांबा, थांबा! तुमचं बक्षीस तुमची वाट पाहतंय!"

वकीलबाईंनी टाळ्या वाजवल्या. "अहो, बोलले! बोलले की!" मी पण हसले, काय करणार. यांचा चेहरा मात्र घाबरलेला होता. काय बाहेर पडलं ते त्यांना कळत होतं, थांबवता येत नव्हतं. आता चहा हवा असला की तेच, खिडकी लावायला सांगायची असली की तेच. काल मी मोरीत जाऊन रडले, ते दाराशी आले आणि मला समजवायला तेच बोलले. बाई म्हणतात, चालीवरचं वाक्य डोक्यात दुसऱ्याच वाटेनं शिरतं, निघायला वेळ लागतो. मला सवय होईल म्हणतात. बारके, मला सवय नको आहे.

तुझ्यावर माझा रोख नाही. तुमच्या ऑफिसात कुणीतरी परस्पर केलं असणार, तुला विचारलंही नसणार. तू दिलेला शब्द तू मोडशील असं मनातसुद्धा आलेलं नाही.

फक्त एक गोष्ट मला चमत्कारिक वाटते, म्हणून विचारते. मास्तरीणबाईची खोड, मी नंतर स्वतः खेळून पाहिलं. पहिल्या अक्षराशी मिनिटभर थांबले, काही आलं नाही. मधल्याशी थांबले, नाही. शेवटचं एक उरलं आणि थांबले, तेव्हा आली. नऊ वेळा करून पाहिलं. नऊही वेळा बरोबर बाराव्या सेकंदाला. मंगळवारीही माझ्या घड्याळात बाराच सेकंद झाले होते. हे असं कोण ठरवतं? त्या माणसाला जरा आमच्या घरी पाठव. मी त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावते.

ते काढून टाकता आलं तर काढायला सांग. नाहीच जमलं तर दुसरा कुठला खेळ घेऊ ते कळव, तुझ्याइतकं यातलं मला कोण सांगणार?

हे तुला आशीर्वाद सांगताहेत. बोलून नाही, हात वर करून. बोललेलं तुला नकोच कळवायला.

तुझी ताई


गुरुवार, २४ जुलै

बारके,

आज रविवार नाही आणि हे पत्र फोटोतून येणार नाही. टपालानं पाठवते आहे. पाकीट जाड का आहे ते शेवटी कळेल.

आशीर्वाद आहेतच. ते काढून घेता येत नसतात. आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, तेव्हापासून ते तुझ्या नावावर आहेत.

इकडे पाऊस बरा आहे. यांचं वजन दीड किलोनं वाढलं. वकीलबाईंनी मांजर पाळलं आहे.

आणि मी खेळ निवडते आहे. आता माझी पद्धत बसली आहे, तुझ्या कामाची असेल म्हणून सांगते. आधी खेळाच्या पानावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं. "जाहिराती आहेत" हे सगळ्यात खाली, सगळ्यात पुसट लिहिलेलं असतं. मग लोकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचायच्या, कौतुक नाही. मग इंटरनेट बंद करून खेळ उघडायचा. जो खेळ त्यावर रुसून बसतो, त्याला शब्दांशी घेणंदेणं नाही, तो दुसऱ्याच कुणाची वाट पाहत असतो. मग तासभर खेळायचं, शेवटच्या अक्षराशी मुद्दाम थांबायचं आणि पाहायचं, आपण थांबल्याचा तो काय उपयोग करतो. अशी सात खेळांची परीक्षा घेतली. एक पास झाला. एकदाच विकत घ्यायचा, मग कायमचा गप्प. दिसायला साधा आहे, 'झ' तर फारच वाईट. पण तो थांबणाऱ्या माणसाला थांबू देतो.

यांनी त्याला हात लावला नाही. फोन पाहिला की मान भिंतीकडे. चांगला खेळ सापडेपर्यंत फार उशीर झाला होता.

हे सगळं मी लांबण लावते आहे, मला कळतं. जे लिहायला बसले ते पेनाखाली येत नाही.

तुझं भाषण पाहिलं.

तूच पाठवलंस ना ते, आपल्या सगळ्या मावस-चुलतांच्या ग्रुपवर. "बक्षीस मिळालं, भाषण जरूर पाहा" असं लिहून. मामेभावानं फुलं टाकली, आत्यानं नमस्काराचे हात. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पाहायला लागले. तू त्या निळ्या जॅकेटात उंच दिसत होतीस. मनात म्हटलं, आईनं पाहायला हवं होतं. हे मी खरंच म्हटलं, लिहून ठेवते.

मग तू म्हणालीस, "शेवटचं अक्षर उरलं की माणूस खेळ सोडत नाही." मी मान डोलावली. मला वाटलं, बघा, आमच्या घरात जे दिसतं ते जगात सगळीकडे दिसतं.

मग म्हणालीस, "हे आम्हाला आधी एका घरात दिसलं. एक वयस्कर खेळाडू, थोडा आजारी, आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती. ती व्यक्ती म्हणाली, घराला आग लागली तरी आधी अक्षर, मग बंब." सगळं सभागृह हसलं. हसणं ओसरेपर्यंत तू छान थांबलीस. असं थांबायला मी तुला शिकवलं होतं, शाळेतल्या वक्तृत्वाच्या वेळी.

मी व्हिडिओ मागे नेला. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना गॅस बंद करायचा राहिला.

ते माझं वाक्य आहे, बारके. मी ते वहीतून नाही उचललं. यांच्या मागे उभी असताना, यांचा कष्टी चेहरा पाहून, मला यांचं इतकं कौतुक वाटलं होतं की ते सुचलं. तुला हसू यावं म्हणून लिहिलं. तू वेळेवर जेवत नाहीस, एकटी असतेस, रविवारी दोन घटका हसशील म्हणून.

आणि मग आकडे. "शेवटच्या अक्षराशी हा खेळाडू सरासरी एकोणीस सेकंद थांबत होता. वीसच्या पुढे माणूस कंटाळतो. म्हणून आम्ही जाहिरात बाराव्या सेकंदाला आणतो. तेव्हा त्याला आशा असते." टाळ्या पडल्या. मागच्या पडद्यावर काही रेघा वर चढताना दिसत होत्या.

तेव्हा त्याला आशा असते. बरोबर आहे. मी पाहिली आहे ती, दोन फुटांवरून.

जूनमध्ये तुझं उत्तर आलं होतं, दोन ओळींचं. "ताई, निर्णय वरून झाला, माझं कुणी ऐकत नाही. भाऊजींना खूप प्रेम." ते वाचून मला तुझीच दया आली होती. म्हटलं, पोर मोठ्या लोकांत अडकली, तिला अपराधी वाटायला नको, आता हा विषय काढायचा नाही. मी वकीलबाईंशी तुझ्यासाठी भांडले. त्या म्हणाल्या, "बहिणीच्याच कंपनीचा ना खेळ?" मी म्हटलं, माझी बहीण असलं काही करणार नाही, तिच्या हातात असतं तर तिनं होऊ दिलं नसतं. आता त्यांच्या दारावरून जाताना मी पायाकडे बघत जाते.

निर्णय वरून झाला म्हणे. वर तूच उभी होतीस, निळ्या जॅकेटात. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं बोलण्यात ऐकलं होतं. गळा कापला जाताना माणूस टाळ्या वाजवतो, हे मला नवीन होतं. कारण पहिल्या वेळी, ते वाक्य यायच्या आधी, मी ओट्याशी एकटीच टाळ्या वाजवत होते.

मला आता सगळं उलटं आठवतं. "ताई, शेवटच्या अक्षराशी थोडं नीट मोजशील?" "ताई, थांबतात तेव्हा फोन ठेवावासा वाटतो का त्यांना, की धरूनच बसतात?" मला वाटायचं, किती बारकाईनं विचारते, किती जीव आहे हिचा भाऊजींवर. मी वकीलबाईंना ती पत्रं वाचून दाखवायची. जाहिराती कशा नकोत हे ज्या पत्रांत मी तुला लिहीत होते, त्याच पत्रांतून तू त्या कुठे घालायच्या हे शोधत होतीस.

कदाचित सुरुवातीला तसं नसेल. सुरुवातीला तुला खरंच त्यांच्यासाठी खेळ नीट करायचा असेल, मग कुठल्या तरी बैठकीत ते आकडे तुझ्या तोंडून निघाले असतील, कुणीतरी "वा" म्हटलं असेल. मी दहा दिवस तुझ्या बाजूनं असं बोलते आहे, मनातल्या मनात. मग आठवतं, भाषण लिहून काढताना माझं वाक्य तुला आठवलं, मी मात्र आठवले नाही. नाहीतर ते तू मला पाठवलंच नसतंस. मला सगळ्यात जास्त हे लागलं आहे. तू लपवलं असतंस तर निदान लपवण्याइतकी तरी मी तुझ्या मनात होते असं झालं असतं.

आणि माझीही चूक आहे, ती तुझ्या माथी मारत नाही. बोलता न येणाऱ्या माणसाच्या मागे मी घड्याळ घेऊन उभी राहिले. त्याला विचारलं नाही की तुझं अडणं मी कुणाला पाठवू का. सांगितलं, बारकीकडे जातंय, आणि ते ताठ बसले. तुझ्यासाठी ताठ बसले. सुट्टीत दुकानात बसून तुला पाटीवर अक्षर कसं बसवायचं ते ज्यांनी शिकवलं, त्यांना वाटलं आता बारकी आपल्याला शिकवते आहे.

तू म्हणशील, भाऊजींनी स्वतः चाळीस वर्षं जाहिरातीच रंगवल्या. रंगवल्या. साबणाच्या, छत्र्यांच्या, शिकवण्यांच्या, गावभर भिंती त्यांच्या हातच्या आहेत. पण भिंतीच्या मालकाला विचारल्याशिवाय त्यांनी कधी एक अक्षर काढलं नाही. तू शिडी धरायला जायचीस, तुला ठाऊक आहे. एकदा मालक गावाला गेला होता तर रंग कालवलेला वाया गेला, पण ब्रश लावला नाही.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्यांच्याकडे या क्षणी एकच वाक्य आहे, आणि तुझ्याबद्दल हे ऐकून त्यांनी तेच म्हणावं हे मला सोसणार नाही.

तो शब्द कोणता होता, आता सांगते. "शिट्टी." लग्नानंतर आठ दिवसांत त्यांनी मला ठेवलेलं नाव, माझ्या गळ्यातल्या शिट्टीवरून. तुलाही माहीत आहे, तूच त्यावरून मला चिडवायचीस. "शिट्टी, चष्मा कुठे? शिट्टी, मी निघालो." नोव्हेंबरपासून मला त्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना मी पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, बाकीचं राहू दे, तेवढं येईल का? त्या म्हणाल्या, प्रयत्न करू. जूनमधल्या त्या मंगळवारी बोट 'शि'वर होतं, बारके. एकच अक्षर उरलं होतं. तुझ्या बारा सेकंदांनी ते नेलं.

आता पुढचं लिहिते आणि संपवते.

पंधरा दिवसांपूर्वी मी औषधांची रिकामी खोकी कापून चौकोन केले. अक्षरं लिहिणार होते, तर यांनी पेन माझ्या हातातून घेतलं. मग पेनही बाजूला ठेवलं आणि माळ्याकडे बोट दाखवलं. ब्रशची पेटी काढून दिली. दोरी खडूच्या भुकटीत बुडवून मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं दातात धरलं, डाव्या हातानं टिचकी मारली, पुठ्ठ्यावर सरळ रेघ उमटली. त्या रेघेखाली त्यांनी डाव्या हातानं अक्षरं काढली. रोज आठ-नऊ. वाकडी आहेत. 'झ' मात्र तीनदा खोडून पुन्हा काढला. आता एकशे चार चौकोन झाले आहेत आणि आमचा खेळ तयार आहे. त्यात कुणी मध्ये येत नाही. मांजर एकदा आलं, ते खालच्या चौकोनावर बसलं आणि उठेना, तेवढीच काय ती अडचण.

हे टेबलाशी बसतात, मी आता मागे उभी राहत नाही. दारात बसते, शेंगा सोलते. ते थांबले की थांबू देते. किती वेळ, ते मला माहीत नाही.

काल सकाळी ते एका अक्षराशी फार वेळ थांबले. मी मोजलं नाही, पण अर्धं सूप सोलून झालं. मग त्यांनी चौकोन उचलला, ठेवला, माझ्याकडे वळले आणि बोलले. ती जाहिरात नव्हती.

काय बोलले ते तुला सांगणार नाही. कुठला शब्द झाला, तो कुठे अडला, कसा सुटला, हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही आणि कुठल्याही रविवारी तुझ्याकडे येणार नाही. ते आमच्या दोघांत राहील.

स्टॉपवॉच पाकिटात घातलं आहे. चालू स्थितीत आहे. तुला कामाला येईल.

खाली नेहमी जे दोन शब्द लिहिते ते आज लिहायला गेले आणि हात थांबला. किती वेळ थांबला ते तू मोजू शकतेस, घड्याळ आता तुझ्याकडेच आहे.

तुझ्या भाषणातली,
काळजी घेणारी व्यक्ती